‘श्यामची आई’वाल्या साने गुरुजींनी अमळनेरमधून पेपर काढला आणि आपल्याच पक्षाच्या सरकारला जाब विचारला

शहादा तालुक्यातलं पुरुषोत्तमनगर म्हणजे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचं गाव. इथं कुणालाही विचारा, वादाचे विषय ठरलेले आहेत. उसाचा भाव, तोडीचा नंबर, तापीचं पाणी, विजेचं वेळापत्रक, खराब रस्ता. प्रत्येकाचं मत तयार असतं आणि सकाळी सकाळी ते व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतं.

पण हेच मत स्थानिक पेपरात, लिहिणाऱ्याच्या नावासकट, पुराव्यासकट छापून आलेलं तुम्ही शेवटचं कधी वाचलं होतं?

कारण साधं आहे. मुंबईत बसून दिल्लीवर टीका करणं सोपं असतं. तालुक्याच्या गावी ज्याच्यावर लिहायचं तो संध्याकाळी चहाच्या टपरीवर भेटतो, लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसतो आणि दिवाळी अंकाला जाहिरातही त्याचीच असते. त्यामुळं स्थानिक पेपरात रोखठोक लेख लिहायला हुशारीपेक्षा वेगळंच काहीतरी लागतं.

ते काय लागतं, हे समजून घ्यायचं असेल तर याच खानदेशातला एक माणूस बघावा लागतो. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नंदुरबार, दोंडाईचा मागे टाकून पुढं गेलं की अमळनेर लागतं. तिथं ८० पेक्षा जास्त वर्षांपूर्वी एका माजी शाळामास्तराने साप्ताहिक काढलं होतं. त्या मास्तरांना सगळा महाराष्ट्र ओळखतो, फक्त वेगळ्या कारणासाठी.

त्यांचं नाव पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी.

कोकणातला मुलगा खानदेशात आला कसा?

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. गाव पालगड, आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात. घराणं एकेकाळी बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी, पण गुरुजींच्या लहानपणापर्यंत परिस्थिती पार ढासळली होती. शिक्षणासाठी पालगड, दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. शिकत असतानाच १९१७ मध्ये आई गेली. ही आई पुढं पुस्तकातून घराघरात पोचली, ते आपल्याला माहितीच आहे.

पुण्यात बीए झाल्यावर तत्त्वज्ञानाच्या ओढीनं ते १९२३ मध्ये अमळनेरला आले. तिथं गिरणीमालक प्रतापशेठ यांच्या पैशातून तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था उभी राहिली होती. पुस्तकं, शांतता, चिंतन, सगळं होतं. पण गुरुजींचं मन तिथं फार रमलं नाही. १९२४ मध्ये ते गावातल्याच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. हीच पुढची प्रताप हायस्कूल.

शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या आवरायचे, अंथरुणं नीट करायचे, भांडी घासून ठेवायचे. रागवायचे मात्र नाहीत. लाजेकाजेनं मुलं आपोआप शिस्तीला लागली. साने सरांचे साने गुरुजी झाले ते इथंच.

पहिला पेपर हाताने लिहिलेला होता

आता मुद्द्याची गोष्ट. गुरुजींच्या पत्रकारितेची सुरुवात छापखान्यात झालीच नाही. ती झाली वसतिगृहाच्या भिंतीवर.

मुलांसाठी ते रोज ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. स्वतःच्या अक्षरात लिहायचे आणि लावून टाकायचे. त्यात देशात काय चाललंय ते असायचं, एखादा विचार असायचा आणि वसतिगृहातल्या घडामोडीही असायच्या. खप किती, तर वसतिगृहात जितकी पोरं तितका. पुढं १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ नावाचं मासिकही त्यांनी सुरू केलं.

हे वाचायला गमतीचं वाटतं, पण स्थानिक पत्रकारितेचा पहिला धडा याच भिंतीवर आहे. इथं लिहिणारा आणि वाचणारा एकाच छपराखाली राहत होते. सकाळी लिहिलेलं एखादं वाक्य खोटं निघालं, तर दुपारच्या पंगतीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. वाचक इतका जवळ असला की उगाच मोठे शब्द वापरता येत नाहीत आणि थापाही मारता येत नाहीत. मोठ्या शहरातल्या संपादकाला ही सोय मिळत नाही. हो, सोयच म्हणायची. कारण रोज तपासला जाणारा माणूस जपून आणि नेमकं लिहायला शिकतो.

मग आला तुरुंग

६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. त्याच महिन्याच्या अखेरीस गुरुजींनी नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. गावोगावी भाषणं सुरू झाली आणि लवकरच अटकही झाली. आधी धुळ्याचा तुरुंग, मग थेट तमिळ मुलखातला त्रिचनापल्लीचा.

त्रिचनापल्लीत दक्षिणेकडचे वेगवेगळ्या भाषा बोलणारे कैदी होते. आपल्याच देशातल्या माणसाची भाषा आपल्याला कळत नाही, ही खंत तिथं त्यांच्या मनात बसली. पुढं ‘आंतरभारती’ची कल्पना निघाली तिचं मूळ इथलं.

१९३२ मध्ये पुन्हा धुळ्याचा तुरुंग. त्यावेळी तिथं विनोबा भावेही होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. १८ रविवार, १८ अध्याय. ही प्रवचनं ऐकता ऐकता उतरवून घेण्याचं काम गुरुजींनी केलं. आज ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हातात आहे ते त्यामुळं.

म्हणजे ज्या माणसाला स्वतःला सांगण्यासारखं इतकं होतं, त्यानं चार महिने फक्त दुसऱ्याचं ऐकलं आणि इमानानं लिहून काढलं. मतं लिहिणाऱ्याला याहून चांगली तालीम कोणती असणार?

पुढं नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. ते १९३५ मध्ये छापून आलं आणि गुरुजी घराघरात पोचले. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर केलेल्या सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदकही मिळालं. पण या पुस्तकाचा उजेड इतका मोठा होता की गुरुजींचं बाकीचं काम त्याच्या सावलीत गेलं. त्यातलंच एक म्हणजे अमळनेरचा पेपर.

पेपरचं नाव ‘काँग्रेस’, आणि सरकारही काँग्रेसचंच

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्याच फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. ते यशस्वी व्हावं म्हणून गुरुजींनी जिवाचं रान केलं. नंतर १९३७ च्या निवडणुका झाल्या आणि मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं.

लोकांना वाटलं, आता आपलं सरकार आलं, आपले प्रश्न सुटले.

६ एप्रिल १९३८ ला गुरुजींनी अमळनेरहून साप्ताहिक सुरू केलं. नाव ठेवलं ‘काँग्रेस’. तारीख बघा, दांडीच्या मिठाला बरोबर आठ वर्षं झाली होती. नाव आणि तारीख बघून कुणालाही वाटलं असतं की हे पक्षाचं मुखपत्र असणार, मंत्र्यांचे हार-तुरे छापणार.

झालं वेगळंच.

त्या काळात पूर्व खानदेशात अतिवृष्टीनं हातातोंडाशी आलेली पिकं गेली. ओला दुष्काळ पडला. शेतकऱ्याची मागणी एकच होती, शेतसारा माफ करा. आता पंचाईत अशी, की सारा वसूल करणारं सरकार होतं आपल्याच पक्षाचं. गप्प बसलं तर शेतकरी मरतो आणि बोललं तर पक्ष अडचणीत येतो.

गुरुजी शेतकऱ्याच्या बाजूनं उभे राहिले. जागोजागी सभा घेतल्या, मिरवणुका काढल्या, गाणी लिहिली आणि आपल्या साप्ताहिकातूनही हा प्रश्न लावून धरला.

हा साऱ्याचा घोळ नेमका काय असायचा?

हे थोडं समजून घेऊ, कारण आजही नंदुरबार-धुळ्याच्या शेतकऱ्याचं यावरच अडतं.

शेतसारा म्हणजे जमिनीवरचा सरकारी कर. पीक बुडालं तर त्यात सूट मिळायची किंवा वसुली पुढं ढकलली जायची. पण पीक किती बुडालं, हे ठरवायचं कुणी? तर सरकारी यंत्रणेनं. त्यासाठी ‘आणेवारी’ काढली जायची. तेव्हा रुपयाचे १६ आणे होते. त्यामुळं १६ आणे पीक म्हणजे भरघोस पीक आणि ४ आणे पीक म्हणजे जवळपास गेलेलं. कागदावर आणे किती पडतात, त्यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं.

आणे गेले, पैसे आले, तशी आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली. ५० पैशांच्या आत की बाहेर, हा वाद आपण अजूनही पेपरात वाचतो. शेतात उभ्या माणसाला दिसणारं नुकसान आणि कचेरीतल्या कागदावर उतरलेलं नुकसान, यांच्यात फरक पडतोच. हा फरक मुंबईतल्या वर्तमानपत्राला दिसणं अवघड. तो दिसतो त्या तालुक्यात फिरणाऱ्याला. गुरुजी पायाला भिंगरी लावून खेडोपाडी फिरत होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं.

गिरणीच्या गावात कामगारांची बाजू

आणखी एक अवघड जागा होती. अमळनेर हे प्रताप मिलचं गाव. गुरुजी ज्या तत्त्वज्ञानाच्या संस्थेत शिकायला आले ती प्रतापशेठांच्या दानातून उभी राहिलेली. ज्या शाळेत शिकवलं तिला पुढं नाव लागलं तेही त्यांचंच. म्हणजे गावातल्या विद्येच्या प्रत्येक दारावर गिरणीचा हात फिरलेला.

अशा गावात गुरुजी अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष झाले. ज्याचे उपकार आहेत त्याचा आदर ठेवायचा, पण म्हणून कामगाराच्या पोटाचा प्रश्न झाकायचा नाही, ही कसरत होती. दिल्ली-मुंबईच्या संपादकाला ती करावी लागत नाही. तालुक्याच्या संपादकाला रोज करावी लागते.

पेपर चालवणंही सोपं नव्हतं. १९३१ च्या प्रेस कायद्यानं सरकारला पेपरकडून आणि छापखान्याकडून जामीन मागायचा अधिकार होता. लिखाण सरकारला खटकलं की जामीन जप्त. मोठ्या पेपरला हा फटका बसला तरी तो सावरायचा, छोट्या साप्ताहिकाचा मात्र जीवच जायचा. ‘काँग्रेस’ साप्ताहिकालाही फार मोठं आयुष्य मिळालं नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळ १९३९ मध्येच राजीनामा देऊन बाहेर पडलं आणि गुरुजींच्या मागे पुन्हा तुरुंगवाऱ्या लागल्या.

मग त्यांच्या लिखाणात ताकद आली कुठून?

एक गोष्ट स्पष्ट आहे. गुरुजी हे काही तलवारीसारखी भाषा चालवणारे संपादक नव्हते. टिळकांची जरब किंवा अत्र्यांची टोपी उडवण्याची हातोटी त्यांच्याकडं शोधू नका. त्यांचं लिखाण भावनेनं ओथंबलेलं असायचं. त्यावरून त्यांना रडके म्हणणारेही तेव्हा होते आणि आजही आहेत. ही टीका पूर्ण खोटी नाही. त्यांच्या लिखाणात एकच भावना पुन्हा पुन्हा येते आणि कधीकधी हिशोबाची जागा हुंदका घेतो, हे मान्य करावं लागतं.

तरीही ते लिखाण लोकांपर्यंत जायचं. पहिलं कारण भाषा. १९३१ च्या जनगणनेत देशात शंभरात दहा माणसंही साक्षर नव्हती. म्हणजे खेड्यात पेपर एक जण वाचणार आणि बाकीचे ऐकणार. गुरुजींची छोटी छोटी वाक्यं कानानं समजतात. त्यात गोष्ट असते, गाणं असतं, आईच्या तोंडची भाषा असते. संस्कृत शब्दांच्या माळा लावल्या असत्या तर पारावरचा माणूस उठून गेला असता.

दुसरं कारण, मत लिहिण्याआधी पाय झिजवलेले होते. सभा, मिरवणूक, युनियन आणि लेख ही एकाच कामाची चार तोंडं होती.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. ते आपल्या माणसांविरुद्ध लिहू शकत होते. विरोधी पक्षावर टीका करायला धाडस लागत नाही, ती तर आपल्या गोटात टाळ्या मिळवून देते. पेपरच्या माथ्यावर पक्षाचं नाव असताना पक्षाच्याच सरकारकडं साऱ्याची माफी मागणं, इथं लिहिणाऱ्याची परीक्षा होते.

आणि चौथं, त्यांना त्यातून काही मिळवायचं नव्हतं. नोकरी सोडलेली, संसार नाही, निवडणूक लढवायची नाही. मग हा माणूस कुणासाठी लिहितोय, असा संशय घ्यायला वाचकाला जागाच उरत नाही. प्रत्येकाला घरदार सोडणं जमणार नाही, तशी अपेक्षाही नको. पण आपला हितसंबंध कुठं आहे हे वाचकाला कळू देणं एवढं तर कुणालाही जमतं. कारखान्याचा सभासद असाल तर उसाच्या भावावर लिहिताना तसं सांगून टाका. लेखाचं वजन कमी होत नाही, उलट वाढतं.

पंढरपूरची पायरी

१९४२ च्या चळवळीत गुरुजी भूमिगत राहिले. याच चळवळीत ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. गुरुजींनाही पुढं अटक झाली.

सुटून आल्यावर त्यांनी असा विषय हातात घेतला, ज्यावर महाराष्ट्रात बोलायला भले भले कचरत होते. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. सगळ्यांचा विठोबा म्हणायचं आणि काहींना पायरीशीच थांबवायचं, हे गुरुजींना सहन झालं नाही. आधी महाराष्ट्रभर दौरा काढून त्यांनी लोकमत तयार केलं आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण सुरू केलं.

मधेच एक पेच आला. अपुऱ्या माहितीवरून गांधीजींनी त्यांना उपोषण थांबवायला कळवलं. ज्यांच्या शब्दावर आयुष्य ओवाळून टाकलं त्यांचाच हा निरोप. गुरुजींनी नम्रपणे तो बाजूला ठेवला आणि उपोषण चालू ठेवलं. शेवटी मंदिर खुलं झालं.

नऊ वर्षांपूर्वी अमळनेरमध्ये आपल्या पक्षाला जाब विचारणारा माणूस इथं आपल्या गुरूपुढंही आपल्या मतावर ठाम राहिला. मतभेद होता, पण आदर तसूभरही कमी झाला नाही. आज एखाद्या नेत्याशी एका मुद्द्यावर मतभेद झाला की आपण त्याला थेट ब्लॉक करतो. त्यामुळं हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

‘साधना’ आणि अकाली शेवट

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातला. त्यानंतर महाराष्ट्रात जाळपोळ झाली, जातीजातींत विष पसरलं. गुरुजी हादरून गेले. त्यांनी २१ दिवसांचं उपोषण केलं. ‘कर्तव्य’ नावाचं सायंदैनिक काढलं, पण ते काही महिन्यांतच बंद पडलं.

हार मानायची नाही म्हणून १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी नवं साप्ताहिक सुरू केलं, ‘साधना’. त्यात राजकारण होतं, समाजवाद होता, जातीवर लेख होते आणि त्याचबरोबर पुतणी सुधाला लिहिलेली पत्रंही होती. फुलं, पक्षी, नदी आणि देशातल्या घडामोडी, सगळं एकाच पत्रात. पुढं ही पत्रं ‘सुंदर पत्रे’ नावानं पुस्तकरूपात आली.

पण स्वतंत्र भारताचं जे चित्र त्यांनी रंगवलं होतं आणि जे समोर दिसत होतं, यातलं अंतर त्यांना झेपलं नाही. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय होतं अवघं ५० वर्षं. या शेवटाला त्याग वगैरे मोठी नावं द्यायची गरज नाही. जगाचं दुःख एकट्यानं उचलू बघणाऱ्या माणसाला वेळेवर आधार मिळाला नाही, इतकंच म्हणावं.

‘साधना’ मात्र थांबली नाही. आचार्य जावडेकर, रावसाहेब पटवर्धन, यदुनाथ थत्ते, वसंत बापट, ग. प्र. प्रधान, नरेंद्र दाभोलकर अशा संपादकांनी ती चालवली. पंच्याहत्तरी ओलांडून ती पुण्यातून आजही निघते. आणि अमळनेरनं २०२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं, तेव्हा संमेलननगरीला नाव दिलं ते साने गुरुजींचंच.

आज तालुक्यात लिहायचं झालं तर?

आता छापखाना लागत नाही, जामीनही भरावा लागत नाही. मोबाइल असला की झालं. तरी शहादा, तळोदा, नवापूरच्या कुठल्याही प्रश्नावर ठाम लेख शोधायला गेलं तर बहुतेक वेळा दोनच गोष्टी सापडतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा नाहीतर शिव्या. मधली जागा रिकामी आहे.

ती भरायला साने गुरुजींइतकं मोठं व्हायची गरज नाही. एखाद्या गावाची पैसेवारी किती लागली आणि शिवारात प्रत्यक्ष काय दिसतंय, एवढं जाऊन बघायचं. तलाठ्याचं आणि शेतकऱ्याचं, दोघांचं ऐकून घ्यायचं. आपण कोणत्या पक्षाचे, कोणत्या गटाचे ते लपवायचं नाही. आणि चूक आपल्या गटाची असेल तर तीही त्याच शाईनं लिहायची. खाली नाव टाकायला विसरायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याच माणसांसमोर उभं राहायचं असतं.